ख्रिस्ती शास्त्रांतील ‘स्पेर्मा’ या ग्रीक शब्दाचा अर्थ

ख्रिस्ती लोकांच्या नव्या करारांत ‘स्पेर्मा’ हा ग्रीक शब्द सुमारें ४३ वेळां आला आहे. त्याचा वाच्यार्थ ‘बीज’. परंतु शेतांत पेरावयाचें बीं या अर्थानें तो थोड्याच ठिकाणीं येतो; बहुतेक स्थळीं त्याचा अर्थ ‘वंशज’, ‘संतति’ किंवा ‘वारस’ असा करावा लागतो. या शब्दाच्या केवळ एकवचनावर पौलासारख्या आचार्यानें एक मोठा सिद्धांत उभारला आहे, आणि त्या सिद्धांतावर पुढें कित्येक शतकें वाद झालेला आहे. ईश्वरानें अब्राहामास दिलेल्या वचनाचा खरा वारस कोण, हा त्या वादाचा विषय. जुनीं दानपत्रें, सनदा आणि वंशावळी वाचणाऱ्या मंडळींस एका प्रत्ययानें किंवा एका अक्षरानें वारसा कसा फिरतो हें सांगावयास नको. म्हणून या शब्दाचा विचार धर्मदृष्टीनें न करितां शब्दार्थ, व्याकरण आणि पाठ या तीन अंगांनीं येथें करण्याचें योजिलें आहे.

(१) शब्दाचें कुल

‘स्पेर्मा’ हें नाम ‘स्पेइरो’ म्हणजे ‘पेरणें, विखुरणें’ या धातूपासून झालें आहे. तें नपुंसकलिंगी आहे, ही गोष्ट पुढें उपयोगी पडणार असल्यामुळें वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. याच धातूपासून ‘स्पोरोस’ (पेरावयाचें बीं, पेरणी) व ‘स्पोरा’ (पेरण्याची क्रिया, तीवरून बीज) हीं नामें झालीं. ‘स्पोरोस’ नव्या करारांत पांचसहा वेळां येतें, ‘स्पोरा’ पेत्राच्या पहिल्या पत्रांत (१.२३) एकदांच येतें. ‘स्पोरिमा’ म्हणजे पेरलेलीं शेतें. ज्या शेतांतून जातांना शिष्यांनीं कणसें मोडून खाल्लीं, त्यांस हाच शब्द लाविला आहे. ‘दियास्पोरा’ म्हणजे चहूंकडे विखुरणें; स्वदेशाबाहेर पांगलेल्या यहुदी लोकांस हें नांव पडलें, व याकोबाच्या आणि पेत्राच्या पहिल्या पत्राच्या मायन्यांत हाच शब्द येतो.

अथेन्स येथील तत्त्वज्ञांनीं पौलाची हेटाळणी करितांना त्यास ‘स्पेर्मोलोगोस’ म्हटल्याचें प्रेषितांच्या कृत्यांत (१७.१८) सांगितलें आहे. शेतांतले दाणे टिपीत फिरणारा पक्षी, असा याचा मूळ अर्थ. त्यावरून इकडचे तिकडचे शब्द वेंचून आपले म्हणून बोलणारा बडबड्या, असा लाक्षणिक अर्थ झाला.

एक सुटा दाणा म्हणावयाचा असेल तेव्हां मात्र ग्रीकांत निराळा शब्द आहे. तो ‘कोक्कोस’. मोहरीचा दाणा, तसाच जमिनींत पडून मेल्यावांचून फळ न देणारा गव्हाचा दाणा, हे दोन्ही ‘कोक्कोस’ होत. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रांत (१५.३७-३८) पौल आधीं उघड्या ‘कोक्कोस’ची गोष्ट काढतो आणि लगेच पुढें प्रत्येक ‘स्पेर्मा’स स्वतःचें शरीर मिळतें असें सांगतो. दाणा ही वस्तु झाली. बीज म्हणजे जिच्यांत पुढचें रोप सांठविलेलें आहे अशी शक्ति. हा भेद ज्याच्या ध्यानांत आला त्यास पुढील विवेचन सोपें जाईल.

(२) शेतांतील बीज आणि दृष्टांतांतील बीज

येशूचा पेरणाऱ्याचा दृष्टांत सर्वश्रुत आहे. त्यांत एक बारीक गोष्ट अशी कीं मार्काच्या पाठांत त्या दृष्टांतापुरतें ‘बीज’ हें नामच येत नाहीं. पेरणारा पेरावयास निघाला, कांहीं वाटेवर पडलें, कांहीं खडकावर पडलें, असें केवळ क्रियापदांनीं व सर्वनामांनीं सांगितलें आहे. लूकानें (८.५) तेथें ‘स्पोरोस’ हें नाम घातलें, आणि पुढें (८.११) बीज म्हणजे ईश्वराचा शब्द असा अर्थ उलगडून दिला. उलट मत्तयाच्या तेराव्या अध्यायांतील निदणाच्या दृष्टांतांत चांगलें ‘स्पेर्मा’ म्हणजे राज्याचे पुत्र, म्हणजे माणसें, असें स्पष्टीकरण आहे. एके ठिकाणीं बीज म्हणजे वचन; दुसऱ्या ठिकाणीं बीज म्हणजे मनुष्यें. माणसांच्या अर्थीं ‘स्पेर्मा’ आणि वचनाच्या अर्थीं ‘स्पोरोस’, अशी ही वांटणी सर्वत्र काटेकोर पाळलेली नसली तरी ध्यानांत घेण्याजोगी आहे. ‘स्पेर्मा’ या शब्दास ‘मनुष्यवंश’ ही छटा आधींच चिकटलेली होती. ती कोठून आली हें पाहण्यासाठीं हिब्रू भाषेकडे वळलें पाहिजे.

(३) हिब्रू ‘झेरा’ आणि ग्रीक भाषांतर

जुन्या कराराच्या हिब्रूंत बीजास ‘झेरा’ असा शब्द आहे. तो शेतांतल्या बियांस, पुरुषाच्या रेतास आणि संततीस सारखाच लागतो. ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकांत अलेक्झांड्रिया येथील यहुदी लोकांसाठीं मोशेचीं पांच पुस्तकें ग्रीकांत उतरविलीं गेलीं. हें भाषांतर ‘सत्तरांचें भाषांतर’ म्हणून प्रसिद्ध आहे. भाषांतरकारांनीं ‘झेरा’साठीं प्रायः सर्वत्र ‘स्पेर्मा’ हाच शब्द योजिला. ग्रीक काव्यनाटकांत ‘स्पेर्मा’ संततीच्या अर्थानें पूर्वींही येत असे. परंतु एका अख्ख्या कुळाचें, पिढ्यान् पिढ्यांचें नांव म्हणून तो इतका रुळला तो या भाषांतरामुळें. नव्या कराराचे लेखक याच ग्रीकांत वाढलेले होते.

‘झेरा’ शब्दाचा एक विशेष असा कीं संततीच्या अर्थीं तो नेहमीं एकवचनांतच असतो. एक मुलगा असो कीं आकाशांतील ताऱ्यांइतकी प्रजा असो, शब्द एकच. अनेकवचन सांपडतें तें शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकांत (८.१५), आणि तेथें अर्थ शेतांतील पिकें असा आहे, माणसें असा नाहीं. हा प्रकार आपणांस परका नाहीं. आपला शेतकरी ‘बीं पेरलें’ म्हणतो, ‘यंदा गहूं चांगला आला’ म्हणतो. त्यावरून त्यानें एकच दाणा पेरला असें कोणी समजत नाहीं. पाणिनीनें जातिवाचक शब्दाविषयीं (१.२.५८) सांगतांना एकवचनाच्या जागीं विकल्पानें अनेकवचन येतें असा नियम केला आहे, आणि वृत्तिकारांनीं त्यास उदाहरण दिलें तेंही यवाचें आणि व्रीहीचें, म्हणजे धान्याचेंच. संस्कृतांत हा विकल्प आहे. हिब्रूंत संततीच्या अर्थीं विकल्प नाहीं, एकवचन नित्य आहे.

या शब्दाचा आणखी एक अर्थ ग्रीक भाषांतरानें घडविला. यशयाच्या पहिल्या अध्यायांत (१.९) नगराचा विध्वंस झाला असतां ईश्वरानें थोडे लोक शिल्लक ठेविले, अशा आशयाचें वचन आहे. तेथें हिब्रूंत ‘झेरा’ नसून ‘सारीद’, म्हणजे ‘वांचलेला’, असा शब्द आहे. ग्रीक भाषांतरकारांनीं त्याऐवजीं ‘स्पेर्मा’ घातलें, आणि पौलानें रोमकरांस लिहितांना (९.२९) तोच पाठ घेतला. दुष्काळांत सर्व धान्य खाऊन संपविलें तरी शहाणा कुणबी पुढच्या पेरणीपुरतें बियाणें राखून ठेवतो. वांचलेल्या लोकांस ‘बीज’ म्हणण्यांत हाच भाव आहे. उरलेलें थोडें आहे, पण त्यांतूनच पुढें सर्व उगवावयाचें आहे.

(४) बीज म्हणजे वारस

आतां मुख्य प्रश्नाजवळ आपण आलों. ‘स्पेर्मा’ म्हणजे केवळ रक्तानें झालेली संतति काय? शास्त्रांतील प्रयोग पाहतां तसें म्हणतां येत नाहीं. दोन प्रमाणें पुरेशीं आहेत.

पहिलें प्रमाण दीरविवाहाचें. यहुदी धर्मशास्त्राप्रमाणें भाऊ निपुत्रिक मेला तर त्याच्या विधवेशीं दिरानें विवाह करावा आणि मृत भावासाठीं ‘बीज’ उत्पन्न करावें. मार्काच्या बाराव्या अध्यायांत सदूकी लोक येशूस कोडें घालतात तें याच नियमाच्या आधारें. सात भावांनीं ओळीनें एकाच स्त्रीशीं लग्न केलें आणि कोणीही ‘स्पेर्मा’ मागें ठेविलें नाहीं, असें तें कोडें आहे. येथें होणारें मूल रक्तानें जिवंत भावाचें, परंतु नांवानें व वारसानें मेलेल्याचें. म्हणजे ज्याचें ‘बीज’ म्हणावयाचें त्याचें तें शरीरानें बीज नव्हेच. आपल्या धर्मशास्त्रांतील क्षेत्रज पुत्राचा विचार येथें कोणासही आठवेल. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायांत बीज श्रेष्ठ कीं क्षेत्र श्रेष्ठ असा वाद घालून, दुसऱ्याच्या शेतांत ज्यानें बीं टाकलें त्यास पीक मिळत नाहीं, तें शेताच्या धन्याचें होतें, असा न्याय सांगितला आहे. यहुद्यांनीं तोच निकाल उलट शब्दांत मांडला. आपण मुलास क्षेत्रावरून नांव दिलें. त्यांनीं मृताचेंच ‘बीज’ म्हटलें. फळ दोहोंकडे एकच. येथें आणखी असें कीं अनुवाद या पुस्तकांत (२५.५) मूळ हिब्रूंत ‘पुत्र नसेल तर’ असा शब्द आहे, आणि ग्रीकांत त्याचें ‘स्पेर्मा नसेल तर’ असें झालें. त्यामुळें कन्या असली तरी वंश आहे असा अर्थ काढावयास जागा झाली. एका शब्दाच्या भाषांतरानें कायद्याची मर्यादा सरकली.

दुसरें प्रमाण अब्राहामाच्या घरचेंच. त्यास हागारेपासून इश्माएल झाला आणि सारेपासून इसहाक झाला. दोघेही रक्तानें त्याचेच, इश्माएलासही उत्पत्तीच्या पुस्तकांत (२१.१३) अब्राहामाचें बीज म्हटलें आहे. तथापि वचनाचें बीज इसहाकाकडून मोजावें असें त्याच ठिकाणीं (२१.१२) ठरविलें. पुढें इसहाकाच्या दोन जुळ्या मुलांपैकीं एसाव वगळून याकोबाकडे वारसा गेला. पौल रोमकरांच्या पत्रांत (९.६-१३) हींच दोन उदाहरणें घेऊन, जन्मानें बीज असणारे सर्वच ‘मुलें’ नव्हेत, वचनानें झालेलीं तींच बीज म्हणून धरलीं जातात, असें प्रतिपादन करतो. योहानाच्या आठव्या अध्यायांतही येशूचे प्रतिपक्षी आपण अब्राहामाचें ‘स्पेर्मा’ आहों असें सांगतात. येशू तें मान्य करतो, पण तुम्ही त्याचीं ‘तेक्ना’ म्हणजे लेंकरें असतां तर त्याच्यासारखीं कामें केलीं असतीं, असें उत्तर देतो. बीज आणि लेंकरूं या दोन शब्दांत तेथें मुद्दाम भेद केला आहे.

(५) पौलाचा एकवचनावरील युक्तिवाद

ख्रिस्ती शकाच्या पहिल्या शतकाच्या मध्यास गलतिया प्रांतांतील मंडळ्यांत एक झगडा उपस्थित झाला. यहुदी नसलेल्या माणसानें ख्रिस्ती व्हावयाचें तर त्यानें सुंता करून मोशेचें नियमशास्त्र पाळलेंच पाहिजे काय? कित्येक उपदेशक ‘होय’ म्हणत. पौल ‘नाहीं’ म्हणत होता. हा प्रश्न केवळ शास्त्रार्थाचा नव्हता. ‘होय’ हा पक्ष जिंकता तर ख्रिस्ती पंथ यहुदी समाजाची एक शाखा होऊन राहता, असें म्हणावयास हरकत नाहीं.

पौलाची मांडणी एखाद्या दप्तरदारासारखी आहे. गलतीकरांच्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायांत तो म्हणतो त्याचा आशय असा: मनुष्याचें मृत्युपत्रसुद्धां एकदां कायम झालें म्हणजे तें कोणी रद्द करीत नाहीं किंवा त्यांत भर घालीत नाहीं. मृत्युपत्रासाठीं त्यानें वापरलेला ‘दियाथेके’ हा शब्दच ‘करार’ या अर्थानेंही चालतो. ईश्वरानें अब्राहामास वचन दिलें. नियमशास्त्र त्यानंतर ४३० वर्षांनीं आलें. मागाहूनच्या कागदानें आधींचा कायम झालेला कागद रद्द होत नाहीं. हा युक्तिवाद जुन्या सनदांचे तंटे ज्यांनीं वाचले आहेत त्यांस लगेच पटेल.

मग तो लेखाच्या मजकुराकडे वळतो. वचन अब्राहामास आणि त्याच्या ‘स्पेर्मा’स दिलें आहे. मजकुरांत ‘स्पेर्माती’ (बीजास) असें एकवचन आहे, ‘स्पेर्मासिन्’ (बीजांस) असें अनेकवचन नाहीं, म्हणून वारस एक आहे, आणि तो ख्रिस्त होय (३.१६). आपल्याकडील इनामपत्रांत ‘पुत्रपौत्रादि वंशपरंपरेनें’ असा मजकूर असतो. त्यांतील ‘वंश’ शब्द एकवचनी आहे म्हणून एकच मुलगा वारस, असें कोणी म्हणाला तर आपण जें म्हणूं तेंच पौलाविरुद्ध अनेकांनीं म्हटलें आहे. ‘झेरा’ समुदायवाचक आहे, त्याचें एकवचन नित्य आहे, आणि त्यावरून व्यक्ति सिद्ध होत नाहीं. व्याकरणदृष्ट्या हा आक्षेप बिनतोड आहे.

परंतु तेवढ्यावरून पौलास व्याकरण कळत नव्हतें असें ठरविणें घाईचें होईल. पहिलें कारण असें कीं त्याच अध्यायाच्या शेवटीं (३.२९) तोच पौल आपल्या अनेक वाचकांस उद्देशून, तुम्ही ख्रिस्ताचे आहां तर तुम्हीच अब्राहामाचें ‘स्पेर्मा’ आहां, असें म्हणतो, आणि रोमकरांच्या पत्रांत (४.१६-१८) तोच शब्द उघडपणें अनेकांस लावतो. समुदायार्थ त्यास ठाऊक होता. दुसरें असें कीं शब्दाच्या वचनावरून अर्थ काढण्याची पद्धति यहुदी पंडितांत रूढ होती. काइनानें हाबेलास मारलें तेथें हिब्रूंत ‘रक्त’ शब्द अनेकवचनी आहे. त्यावरून मिश्ना ग्रंथांत (सान्हेद्रिन ४.५) असा अर्थ काढला आहे कीं तें केवळ त्याचें रक्त नसून त्याच्या न जन्मलेल्या संततीचेंही रक्त होय. म्हणजे पौल आपल्या गुरुकुलाच्या रीतीनेंच बोलत होता. तिसरें असें कीं ग्रीकांत ‘स्पेर्मा’चें अनेकवचन माणसांविषयीं अगदींच अशक्य नव्हतें. मक्काबींच्या चौथ्या पुस्तकांत (१८.१) इस्राएलांस अब्राहामाच्या ‘बीजां’चे वंशज असें अनेकवचनानें संबोधिलें आहे. तेव्हां एकवचन व अनेकवचन यांचा जो भेद पौल दाखवितो तो ग्रीक श्रोत्यास निव्वळ अर्थशून्य वाटला नसावा.

त्याच्या बोलण्याचा सरळ अर्थ असा दिसतो: वचनाचा वारसा इश्माएलाकडे एक, इसहाकाकडे दुसरा, अशा अनेक धारांत वांटलेला नाहीं, तो एकाच धारेनें चालतो. ती धारा पौलाच्या मतें ख्रिस्तापाशीं येऊन थांबते, आणि जो ख्रिस्ताशीं जोडला गेला तो, कोणत्याही कुळाचा असो, त्याच एका बीजांत गणला जातो. म्हणून एकवचन हें त्याच्या सिद्धांताचें कारण नसून त्याची खूण आहे. ख्रिस्त हाच तो वारस, हें त्यास इतर कारणांनीं आधींच मान्य होतें; शब्दाचें रूप त्या मतास जुळलें म्हणून त्यानें तें पुढें केलें. ज्याला तें मूळ मत मान्य नाहीं त्याला केवळ एकवचनानें तें पटणार नाहीं, आणि पटावें अशी अपेक्षाही धरूं नये.

(६) पाठभेदाचीं तीन स्थळें

पोथ्यांचा संग्रह करणाऱ्यांस विशेष रुचतील अशीं तीन स्थळें येथें देतों.

पहिलें उत्पत्ति ३.१५. सर्प आणि स्त्री यांच्या बीजांत वैर राहील, आणि स्त्रीचें बीज सर्पाचें डोकें चिरडील, अशा आशयाचें हें वचन आहे. चिरडणारा कोण, हें एका सर्वनामावर अवलंबून आहे. हिब्रूंत ‘झेरा’ पुंल्लिंगी असल्यामुळें ‘तो’ हें सर्वनाम सहज जुळतें. ग्रीकांत मात्र ‘स्पेर्मा’ नपुंसकलिंगी. तरीही भाषांतरकारांनीं ‘तें’ न लिहितां ‘आउतोस’ म्हणजे ‘तो’ असें लिहिलें. कोणी म्हणतात, हिब्रू सर्वनामाचें लिंग यांत्रिकपणें उतरलें. कोणी म्हणतात, भाषांतरकारांच्या मनांत एक विशिष्ट पुरुष होता. लॅटिन भाषांतरांत तर आणखी फेर पडला. तेथें ‘सेमेन’ हें बीजवाचक नामही नपुंसकलिंगी, म्हणून ‘इप्सुम’ हवें; पण प्रचलित लॅटिन पोथ्यांत ‘इप्सा’ म्हणजे ‘ती’ असा पाठ पसरला. जेरोमच्या स्वतःच्या उत्पत्तीवरील टीपांत पुंल्लिंगी ‘इप्से’ असें रूप आहे. ‘इप्से’ व ‘इप्सा’ यांत एका अंत्याक्षराचें अंतर. परंतु त्यामुळें डोकें चिरडणारी ती मरिया, असा अर्थ पश्चिमेकडे रूढ झाला, आणि सर्पावर पाय ठेवून उभी असलेली मरियेची मूर्ति त्यास धरून असंख्य देवळांत दिसूं लागली. मोशेच्या पुस्तकांच्या हिब्रू पोथ्यांत ‘ती’ हें सर्वनाम बहुधा ‘तो’ याच्याच व्यंजनांनीं लिहिलेलें असतें, म्हणून केवळ सर्वनामावरून निकाल लागत नाहीं. पण तेथील क्रियापद पुंल्लिंगी आहे, त्यानें शंका फिटते. रोमच्या पीठानें १९७९ मध्यें प्रसिद्ध केलेल्या सुधारलेल्या लॅटिन पाठांत ‘इप्सुम’ हें नपुंसकलिंगी रूप घातलें आहे.

दुसरें स्थळ इब्री लोकांस पत्र ११.११. येथें सारेस विश्वासानें ‘स्पेर्मा’च्या ‘काताबोले’साठीं शक्ति मिळाली असें वाचलें जातें. अडचण अशी कीं ‘बीजाची काताबोले’ म्हणजे बीज टाकणें, आणि ग्रीक वैद्यकांत हा शब्दप्रयोग पुरुषाच्या क्रियेस लावीत. स्त्रीस तो शोभत नाहीं. कोणी ‘काताबोले’चा दुसरा अर्थ ‘पाया घालणें’ घेऊन, सारेस वंशाचा पाया घालण्याची शक्ति मिळाली, असा उलगडा करितात. दुसरा उलगडा लिपीचा आहे. प्राचीन मोठ्या अक्षरांच्या पोथ्यांत दीर्घ स्वरापुढील मूक ‘इओता’ बहुधा लिहीत नसत. त्यामुळें ‘स्वतः सारा’ ही प्रथमा आणि ‘सारेसह’ ही चतुर्थीच्या रूपाची विभक्ति, हीं दोन्ही तेथें तंतोतंत सारखीं दिसतात. चतुर्थी घेतली तर शक्ति मिळाली ती अब्राहामास, असा अर्थ होतो, आणि पुढच्याच वाक्यांत मृतप्राय झालेल्या एका पुरुषापासून संतति झाल्याचें जें सांगितलें आहे त्याशीं तो जुळतो. मोडींत ऱ्हस्वदीर्घाचा भेद नसल्यानें जे घोटाळे होतात त्यांच्याशीं परिचय असलेल्यांस हें समजावयास कठीण नाहीं. शिवाय इसवी सन २०० च्या सुमाराच्या, चेस्टर बीटी संग्रहांतील पौलाच्या पत्रांच्या पपायरस पोथींत सारेपुढें ‘स्तेइरा’ म्हणजे ‘वांझ’ असें विशेषण अधिक आहे. सिनाई पोथींत तें नाहीं. तें घेतल्यास ‘सारा वांझ असतांही’ असें पोटवाक्य होऊन मुख्य कर्ता अब्राहामच राहतो.

तिसरें स्थळ करिंथकरांस दुसरें पत्र ९.१०. पेरणाऱ्यास बीं पुरविणाऱ्या ईश्वराचा तेथें उल्लेख आहे. वरील पपायरस पोथींत आणि व्हॅटिकन पोथींत ‘स्पोरोस’ असा पाठ आहे, सिनाई पोथींत ‘स्पेर्मा’ असा आहे. यशयाच्या ग्रीक भाषांतरांत (५५.१०) ‘स्पेर्मा’ असल्यामुळें लेखकाच्या हातून परिचित शब्द पडला असावा. पाठ करणारा लेखक मूळापेक्षां स्मरणावर जातो, हा दोष सर्व देशांतील लेखकांस समान आहे.

(७) ईश्वराचें बीज

योहानाच्या पहिल्या पत्रांत (३.९), जो ईश्वरापासून जन्मला त्याच्यामध्यें ईश्वराचें ‘स्पेर्मा’ राहतें, म्हणून तो पाप करीत नाहीं, असें सांगितलें आहे. येथें दोन अर्थ संभवतात. एक, ईश्वराची संतति ईश्वरामध्यें राहते. दुसरा, ईश्वरानें घातलेलें जीवनतत्त्व माणसामध्यें राहतें. बहुतेक टीकाकार दुसरा अर्थ घेतात, आणि तें तत्त्व म्हणजे कोणी ईश्वराचा शब्द म्हणतात, कोणी पवित्र आत्मा म्हणतात. पेत्राच्या पत्रांतील ‘स्पोरा’ याच्या जवळचा आहे. तेथें नाशवंत बीज आणि अविनाशी बीज असा विरोध दाखवून, नवा जन्म अविनाशी बीजानें, ईश्वराच्या शब्दाच्या द्वारें होतो, असें म्हटलें आहे. ग्रीक तत्त्वज्ञांपैकीं स्टोइक पंथाचे लोक सर्व विश्वांत पसरलेल्या ‘बीजरूप लोगोस’विषयीं बोलत; दुसऱ्या शतकांतील जस्टिन या ख्रिस्ती ग्रंथकारानें तीच कल्पना घेऊन, सॉक्रेटिसासारख्यांच्या ठायींही त्या लोगोसाचा अंश होता, असें प्रतिपादिलें. वारसाच्या अर्थापासून निघालेला शब्द असा हळूहळू तत्त्वज्ञानाच्या शेतांतही रुजला.

(८) मराठी भाषांतराचा प्रश्न

मराठींत या एका ग्रीक शब्दासाठीं निदान तीन शब्द पुढें येतात. ‘बीज’ हा मूळाच्या रूपकाशीं एकनिष्ठ. ‘संतान’ किंवा ‘संतति’ हे ‘तन्’ म्हणजे ताणणें, विस्तारणें या धातूचे. त्यांत न तुटणाऱ्या धाग्याची कल्पना आहे. ‘वंश’ म्हणजे मूळचा वेळू. त्यांत पेराला पेर लागून वाढण्याची कल्पना आहे. अर्थ तिन्हींनीं निघतो, परंतु चित्र तीन वेगळीं. प्रचलित मराठी पवित्रशास्त्रांत गलतीकरांच्या त्या वाक्यांत ‘संतान’ हा शब्द घेतला आहे. त्याचें एकवचन व अनेकवचन दोन्ही होतें, म्हणून युक्तिवाद कळतो. पण दृष्टांतांतील शेत आणि वचनांतील वारस यांना जोडणारा दुवा मात्र दिसेनासा होतो. ‘बीज’ ठेवावें तर दुवा राहतो, पण ‘दावीदाच्या बीजाचा’ असा प्रयोग मराठी कानास अवघड जातो. इंग्रजींत १६११ च्या भाषांतरानें जवळजवळ सर्वत्र ‘सीड’ ठेविलें, आणि विसाव्या शतकांतील पुष्कळ भाषांतरांनीं प्रसंगानुसार ‘वंशज’ या अर्थाचे शब्द घातले. तेथेंही हीच देवघेव झाली.

ख्रिस्ती कथाविषय मराठींत आणण्याचा उद्योग जुना आहे. फादर स्टीफन्स यांचें ख्रिस्तपुराण १६१६ मध्यें गोमांतकांत राचोल येथें रोमन लिपींत छापलें गेलें. त्या छापाची प्रत उपलब्ध नसल्यानें त्याचा पाठ हस्तलिखितांवरच अवलंबून आहे, आणि त्यांतील एक देवनागरी हस्तलिखित लंडन येथील मार्सडेन संग्रहांत आहे. विल्यम कॅरी यांच्या देखरेखीखालीं सेरामपूर येथें मराठी नवा करार १८११ मध्यें निघाला. पुढें पंडिता रमाबाईंनीं (१८५८–१९२२) मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून संपूर्ण पवित्रशास्त्राचें मराठी भाषांतर केलें. अशा ग्रंथांच्या जुन्या प्रती किंवा त्यांवरून केलेलीं टांचणें ज्यांच्या संग्रहांत येतील त्यांनीं नक्कल करितांना तीन गोष्टी जशाच्या तशा ठेवाव्या. बीज, संतान, वंश यांपैकीं जो शब्द असेल तोच लिहावा. त्याचें वचन बदलूं नये. आणि त्यास लागणारें सर्वनाम ‘तो’, ‘ती’ कीं ‘तें’ हें आपल्या समजुतीप्रमाणें दुरुस्त करूं नये. नक्कलकारास जी चूक वाटते तीच कधीं कधीं भाषांतरकाराच्या हातांत कोणता मूळ पाठ होता याची एकमेव साक्ष असते. ‘इप्से’चें ‘इप्सा’ झालें तेव्हां कोणा अज्ञात लेखकानें एकच अक्षर फिरविलें होतें, आणि तें पुन्हां जाग्यावर आणावयास हजारावर वर्षें लागलीं.